संगीताची पदवी आणि संगीतावरील चरितार्थ

बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या मुख्याध्यापकांकडे काही पालक एक अडचणीचा प्रश्न घेऊन येतात. मुलाचा गळा चांगला आहे, भजनी मंडळात तो पेटी वाजवतो, गणेशोत्सवात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने बक्षिसे मिळवली आहेत. त्याला आता संगीत हाच विषय घेऊन पदवीपर्यंत शिकायचे आहे. शिकू द्यावे काय? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. गाण्याने पोट भरत नाही, हे पहिले. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत नाव काढलेल्या एखाद्या मुलाकडे बोट दाखवणे, हे दुसरे. विद्यापीठात संगीताचे शिक्षण कसे मिळते, त्यातून काय हाती येते आणि काय येत नाही, याचा विचार या दोन्ही उत्तरांत नसतो. सल्ला देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते अशा शिक्षकांना व ग्रामपंचायतीच्या सदस्यांना उपयोगी पडावी म्हणून या विषयाची काही माहिती येथे देत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पदवीने गवई तयार होत नाही. तासाभराच्या तासिकेत वीसपंचवीस विद्यार्थ्यांना एकत्र बसवून रागाची ओळख करून देता येईल. परंतु स्वर लागण्यासाठी गुरूसमोर बसून, तानपुऱ्याच्या साथीने, वर्षानुवर्षे जी मेहनत करावी लागते तिची जागा कोणतीही तासिका घेऊ शकत नाही. विद्यापीठातील जाणते अध्यापकही हे मान्य करतात. मग पदवीचा उपयोग कशासाठी? केवळ मैफलीवर उपजीविका करणारे कलावंत पूर्वीही थोडे होते, आजही थोडेच आहेत. संगीतावर जगणारा सामान्य कलावंत सकाळी शिकवण्या करतो, आठवड्यातून एखादे दिवस कोणाला साथ करतो, नाटकाला किंवा मालिकेला पार्श्वसंगीत देतो, ध्वनिमुद्रणाचे काम मिळाले तर तेही घेतो. अशा चार वाटांनी येणाऱ्या मिळकतीवर त्याचा संसार चालतो. या चारही वाटांवर लागणारे ज्ञान एका गुरूच्या घरी क्वचितच एकत्र मिळते. विद्यापीठाचे खरे काम तेथे आहे.

पूर्वपीठिका

संगीत आणि चरितार्थ यांचा एकत्रित विचार करणारे पहिले मोठे संस्थाचालक म्हणून पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाल्यामुळे शालेय शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास गेले. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकांच्या आश्रयावर ही शाळा उभी राहिली, हे तिचे वैशिष्ट्य सर्वांना ठाऊक आहे. संगीताची पुस्तके छापण्यासाठी तेथे छापखाना होता. आणि गाणे शिकवण्याचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘उपदेशक’ नावाचा स्वतंत्र वर्ग होता. या बाजूकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. गवयाला गाण्याखेरीज आणखी काय आले पाहिजे, याचा विचार बुवांनी सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. तेथील इमारतीचे कर्ज फिटले नाही आणि अखेरीस ती लिलावात गेली. संस्था गेली तरी शिष्य राहिले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, पं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले, मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ पासून आपली संगीतशाळा चालवली. देवधर स्वतः पदवीधर होते आणि पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. कुमार गंधर्व त्यांच्याच शाळेत घडले.

दुसरे नाव पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे. व्यवसायाने वकील असलेल्या या गृहस्थांनी देशभर फिरून घराण्यांच्या चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच प्रेरणेने, आणि १९२६ मध्ये लखनौ येथे संगीत महाविद्यालय निघाले. आज महाविद्यालयांत चालणारा अभ्यासक्रम बव्हंशी या दोन विष्णूंच्या पायावर उभा आहे. विद्यार्थ्याला दोघांच्याही स्वरलेखन पद्धती शिकाव्या लागतात. भातखंडे पद्धतीत अक्षराच्या डोक्यावरील टिंब तार सप्तक दाखवते, तर पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे असते. परीक्षार्थींची झोप उडवणारा हा मतभेद शतकभरात मिटलेला नाही!

स्वातंत्र्यानंतर संगीताला विद्यापीठात स्थान मिळाले. १९५६ मध्ये खैरागढ येथे केवळ संगीत व ललित कलांसाठी विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा डॉ. अशोक रानडे यांनी वाहिली आणि गायनाबरोबर संगीतशास्त्र, लोकसंगीत व रंगसंगीत यांच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. प्रभा अत्रे यांनी अनेक वर्षे संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले.

प्रभाताईंचे उदाहरण (१९३२–२०२४) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. त्यांनी विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतली होती. आकाशवाणीवर नोकरी केली होती. गाणे मात्र त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. सरगम या विषयावर त्यांनी प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. ख्यालात सरगम घ्यावी की नाही याविषयी जाणकारांत वाद होता. त्या वादाला त्यांनी गाऊन उत्तर दिले आणि लिहूनही दिले. गळा गुरूंनी दिला, शास्त्रशुद्ध मांडणी विद्यापीठाने करवून घेतली.

कागदावरचे स्वर आणि गोव्याचे वादक

स्वरलेखन हा परीक्षेपुरता विषय आहे असा आपल्याकडे समज आहे. तो किती चुकीचा आहे हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासावरून दिसते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाच रेघांवरील पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखे एखादे वाद्य शिकवले जात असे. हेतू एवढाच, की चर्चमधील गायनवादन नीट व्हावे. १९३१ मध्ये भारतीय चित्रपट बोलू लागला आणि पुढील दोन दशकांत त्यातील वाद्यवृंद मोठा होत गेला. संगीत दिग्दर्शक चाल पेटीवर वाजवून दाखवी. तीच चाल तीस-चाळीस व्हायोलिन, चेलो आणि ट्रम्पेटवादकांना एकाच वेळी, एकाच दिवसात वाजवता आली पाहिजे, तर ती कागदावर हवी, आणि कागद वाचणारे वादक हवेत. असे वादक मुंबईत होते ते प्रामुख्याने गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळाची रचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) वादक, वाद्यमेळ रचनाकार आणि शिक्षक म्हणून मान्यता पावले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात जे नाव आले आहे, ते या गुरूचे.

हिंदुस्थानी संगीताची मेहनत केलेले उत्तम सतारिये आणि बासरीवादकही त्याच ध्वनिमुद्रणगृहांत होते व त्यांना मानही होता. पण वृंदातील रोजचे काम वाचता येणाऱ्याला मिळे. गावातील शाळेत शिकलेल्या साध्या विद्येने शेकडो कुटुंबांना दोन पिढ्या अन्न दिले. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत विद्युत कळपाट्या आल्या, निरनिराळ्या वेळी वाजवलेले तुकडे एकत्र जोडण्याची सोय झाली आणि मोठे वृंद पाहता पाहता विरळ झाले. केवळ व्हायोलिन वाजवणाऱ्यांची कामे गेली. वाद्यमेळाची रचना करता येणारे, शिकवता येणारे तरले. आज संगणक स्वतःच पार्श्वसंगीत रचू लागला आहे. तेव्हा हा अनुभव जुना म्हणून बाजूस सारता येणार नाही. आपल्या अनेक अभ्यासक्रमांत पाश्चात्त्य स्वरलेखनाची नुसती तोंडओळख करून दिली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मोठी उणीव आहे.

वेळेच्या शिस्तीबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर राग मांडणाऱ्या गायकांना तो तीन मिनिटांत उभा करावा लागला, आणि काहींनी तो असा उभा केला की त्या तबकड्या आजही अभ्यासल्या जातात. जाहिरातीला तीस सेकंदांचे संगीत हवे असते. घड्याळ समोर ठेवून रचना करण्याचा सराव वर्गात सहज होण्यासारखा आहे. त्याला खर्चही नाही.

ध्वनिमुद्रणाचे ज्ञान

मानवी कानाला सेकंदाला साधारणतः २० ते २०,००० आवर्तनांचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनी अंकरूपात साठवायचा तर सर्वांत वरच्या आवर्तनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा त्याची मोजणी करावी लागते. म्हणून ध्वनितबकडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. एवढे साधे गणित ज्याला समजले, त्याला ध्वनिमुद्रकाशी त्याच्या भाषेत बोलता येते. ध्वनिग्राहक तानपुऱ्यापासून किती अंतरावर ठेवावा, तबल्याची थाप गायकाच्या आवाजावर का चढते, सभागृहाच्या उघड्या भिंती आवाज कसा परतवतात, या गोष्टी कलावंतानेच जाणून घेतल्या पाहिजेत. ध्वनिक्षेपक लावणाऱ्या माणसावर सारे सोपवले की काय होते, याचा अनुभव जत्रेतील कार्यक्रमांना जाणाऱ्या प्रत्येकाला असेल.

पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत (स्थापना १९६०) ध्वनिमुद्रणाचे स्वतंत्र शिक्षण मिळते. २००९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळवणारे रसूल पुकुट्टी तेथीलच विद्यार्थी. मुंबईत भारतरत्न लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे शासकीय संगीत महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. तेथील प्रारंभीच्या अभ्यासक्रमांत गायन, तबला, सतार, बासरी यांच्या जोडीला ध्वनी अभियांत्रिकीचा समावेश करण्यात आला, ही समाधानाची गोष्ट आहे. वाद्यनिर्मितीचे शिक्षण मात्र अजून कारखानदारांच्या घरीच राहिले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांचे हात विद्यापीठाच्या वर्गात कधी दिसतील, याची वाट पाहावी लागेल.

स्वामित्वहक्क

कलावंताला सर्वांत महाग पडते ते कायद्याचे अज्ञान. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये रचनाकाराला आपल्या रचनेवर आयुष्यभर, आणि त्याच्या वारसांना त्यानंतर साठ वर्षे, हक्क असतो. तथापि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयानुसार, करारात वेगळे काही नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा मालक निर्माता ठरला. परिणामी गीतकार आणि संगीतकार यांना ठोक रकमेवर समाधान मानावे लागे. पुढे गाणे पन्नास वर्षे वाजले तरी त्यांच्या पदरी काही पडत नसे. २०१२ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य प्रकारे गाण्याचा वापर झाल्यास मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राहतो, आणि हा वाटा वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. लिहून दिला तरी तो कायद्याने ग्राह्य नाही. संगीताच्या किती पदवीधरांना हे माहीत आहे?

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी या प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याचा संबंध केवळ शहरातील संगीतकारांशी नाही. गोंधळ, भारूड, जागरण किंवा दशावतार सादर करणाऱ्या मंडळींकडे ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन कोणी ना कोणी येतच असते. पारंपरिक चाल ही एकट्यादुकट्याची मालमत्ता नसते, हे खरे. परंतु ती चाल ज्याने गायली त्या कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे. कायद्याने तो पन्नास वर्षांचा आहे. त्याच्या संमतीविना त्याचे गाणे मुद्रित करून विकता येत नाही, आणि व्यापारी वापर झाल्यास तो मोबदल्याला पात्र ठरतो. हा हक्क सिद्ध करायचा तर कोणी गायले, कोणत्या दिवशी, कोणासाठी, किती मानधनावर आणि कोणत्या वापरासाठी, एवढे तरी एका कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी हवे. गोंधळ्याच्या घरातील मुलगा विद्यापीठात शिकून आला तर असा कागद तयार करणारा पहिला माणूस तोच व्हावा. त्याच्या पदवीचा घराला त्याहून मोठा उपयोग क्वचितच होईल. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या ठिकाणी लोककलांचे रीतसर शिक्षण मिळते. वारशाने आलेल्या विद्येची जोड असलेल्या मुलांना ही वाट सुचवण्यास हरकत नाही.

प्रवेशापूर्वी

नोकरीचा विचार करणाऱ्यांसाठी काही गोष्टी थोडक्यात नमूद करतो. महाविद्यालयात अध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा हा नेहमीचा मार्ग; त्या परीक्षेत संगीत हा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत नामवंत गुरूकडे शिकलेल्या, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या कलावंतांसाठी निराळी तरतूदही करण्यात आली. आकाशवाणीची ध्वनिचाचणी आणि तिच्या श्रेणी यांना म्हणूनच आजही महत्त्व आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘विशारद’, ‘अलंकार’ इत्यादी परीक्षा आणि विद्यापीठाची पदवी यांच्या समकक्षतेविषयी मात्र पालकांत बराच गोंधळ असतो. प्रत्येक विद्यापीठ याविषयी आपल्या नियमांनुसार निर्णय घेते. ऐकीव माहितीवर विसंबून न राहता लेखी उत्तर मागवावे. शास्त्रीय संगीताची मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुणांची सवलत आहे, तिचे प्रस्ताव मुदतीत पाठवण्याची जबाबदारी शाळेची आहे.

संस्था निवडताना इमारत आणि माहितीपुस्तिका पाहून भागत नाही. विभागात तानपुरे किती आहेत आणि ते जुळवलेले असतात काय, साथीसाठी तबलावादक नेमलेला आहे की विद्यार्थीच आळीपाळीने ठेका धरतात, ग्रंथालयात जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याची सोय आहे काय, दुसरे वाद्य शिकता येते काय, हे विचारावे. वसतिगृहाची चौकशी तर अवश्य करावी. पहाटे पाच वाजता कोणी षड्ज लावला की शेजारच्या खोलीतून तक्रार येते. दोनतीन तक्रारींनंतर मेहनत बंद पडते आणि तीन वर्षे पुस्तकी अभ्यासात निघून जातात. मुलींच्या बाबतीत सायंकाळनंतर सरावाच्या खोलीत थांबण्याची मुभा नसते, ही आणखी एक अडचण. सरावासाठी वेगळी खोली आणि तिची किल्ली या दोन गोष्टी ज्या संस्थेत आहेत, ती इतर बाबतींत थोडी उणी असली तरी चालेल. शहरात शिकत असताना गुरूकडे जाण्याचा खर्च वेगळा धरावा. पदवीच्या शुल्कात तो येत नाही.

राहिली प्रवेश चाचणी. भजनी मंडळात तयार झालेल्या मुलांची येथे एक ठराविक अडचण होते. त्यांना पेटीच्या आधाराने, मोठ्या आवाजात, वरच्या पट्टीत गाण्याची सवय असते. चाचणीत परीक्षक पेटी बाजूला ठेवतात आणि तानपुऱ्यावर नुसता षड्ज लावून स्थिर राहण्यास सांगतात, त्यांनी म्हटलेले स्वरसमूह जसेच्या तसे म्हणून दाखवण्यास सांगतात, तीनतालाची टाळी धरण्यास सांगतात. गळा चांगला असूनही मूल बावरते, ते गाणे येत नाही म्हणून नव्हे, पेटी नसते म्हणून. तानपुऱ्याचा स्वर आता साध्या मोबाइल फोनवरही विनामूल्य मिळतो. वार्षिक परीक्षा संपताच रोज अर्धा तास तो लावून, पेटी मिटून, मुलाला आपल्या सोयीच्या पट्टीत गाऊ द्यावे; चाचणीपर्यंत दोन महिने मिळतात, आणि तेवढे पुरतात.